मूठभर धान्याचे ऋण
कर्मवीर भाऊराव पाटील : जीवन आणि कार्य

आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने जैन परंपरेने सांगितली आहेत. गृहस्थाने आपल्या शक्तीप्रमाणे ती द्यावीत, असा आपला शिरस्ता आहे. यांपैकी आहारदान सर्वांत सोपे आणि सर्वांत लोकप्रिय. भुकेल्यासमोर पान वाढले की देणाऱ्यालाही त्याच क्षणी समाधान लाभते. परंतु अन्न देणारी संस्था वर्षानुवर्षे चालू लागली की तिच्यापुढे काही कठीण प्रश्न उभे राहतात. आज जेवलेला माणूस उद्याही दारात उभा राहावा, की त्याने स्वतःच्या पायावर उभे राहावे? पंगतीत कोणाला बसवायचे आणि कोणाला नाही? अन्न कोणाच्या नावाने वाढायचे? हे प्रश्न ज्यांनी आयुष्यभर स्वतःला विचारले आणि आपल्या आचरणाने त्यांची उत्तरे दिली, असे एक थोर पुरुष जैन कुळात जन्माला आले. ते म्हणजे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील. आज त्यांची ओळख शिक्षणमहर्षी अशी आहे आणि ती सार्थच आहे. मात्र त्यांच्या कार्याचा आरंभ फळा आणि खडू यांपासून झाला नाही. तो भाकरीपासून झाला, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते.

बालपण आणि संस्कार

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. बाहुबलीच्या डोंगराच्या परिसरातील हे गाव. घराण्याचे मूळ वास्तव्य आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक येथे होते. वडील पायगौंडा पाटील हे महसूल खात्यात कारकून होते, तर मातोश्री गंगाबाई या धर्मपरायण गृहिणी होत्या. वडिलांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे बालपण निरनिराळ्या गावी गेले. घरात व्रतवैकल्ये आणि सोवळेओवळे पाळले जाई, परंतु भाऊरावांचा पिंड प्रथमपासूनच बंडखोर होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना पाणी भरू दिले जात नाही, हे पाहून बालपणी त्यांनी विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत आवर्जून सांगितली जाते. तहानलेल्याला पाणी आणि भुकेल्याला अन्न देताना जात विचारू नये, ही त्यांची धारणा कोणत्याही ग्रंथातून आलेली नव्हती. ती स्वभावातच होती.

कोल्हापूरचे भोजनगृह

इंग्रजी शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि तेथील जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने त्या काळी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली होती. खेड्यांतून आलेल्या मुलाला राहण्याची व जेवणाची सोय मिळाल्याखेरीज तो शिकू शकत नाही, हे महाराजांनी ओळखले होते. जैन बोर्डिंगचे अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे. समाजाच्या पैशावर चालणारे ते एक उपकारक वसतिगृह होते आणि त्यातून अनेक जैन मुले शिकून मोठी झाली.

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. भाऊराव त्या समारंभास गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध झाल्याशिवाय भोजनगृहात येता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी स्नानास नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ज्या समाजाने त्यांना अन्न दिले, त्याच समाजाच्या पंगतीतून त्यांना उठावे लागले. त्या काळची रूढी पाहता बोर्डिंगच्या चालकांना दोष देणे सोपे आहे. मात्र त्या दिवशी एका तरुणाच्या मनात एक गोष्ट कायमची कोरली गेली. अन्नदान कितीही उदार असले, तरी पंगतीला कुंपण असेल तर त्या दानाला मर्यादा पडते. पुढे भाऊरावांनी जेवढी वसतिगृहे काढली, त्या सर्वांच्या पाठीशी कोल्हापूरच्या त्या भोजनगृहाचा उंबरठा होता.

बोर्डिंग सुटल्यावर काही काळ शाहू महाराजांच्या आश्रयाने त्यांनी दिवस काढले. शालेय शिक्षण मात्र अपुरेच राहिले. महाराजांच्या सहवासात समाजकार्याचे जे शिक्षण त्यांना लाभले, ते पुढे आयुष्यभर पुरले.

याच लठ्ठ्यांच्या संदर्भात घडलेला पुढचा प्रसंग भाऊरावांच्या चारित्र्याची साक्ष देतो. १९१४ साली कोल्हापुरात इंग्रजी राजसत्तेच्या पुतळ्याला डांबर फासण्याचा प्रकार घडला. त्या प्रकरणात लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न झाला आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. ज्या अधीक्षकांच्या कारकिर्दीत आपल्याला बोर्डिंग सोडावे लागले, त्यांच्यावर सूड उगवण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी तुरुंगवास व छळ सोसला, पण खोटी साक्ष दिली नाही. हेच लठ्ठे पुढे १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले.

विक्रेत्याची पायपीट

प्रपंचासाठी भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या आणि पाटील मास्तर म्हणून ते ओळखले जाऊ लागले. पुढे ओगले काच कारखान्याच्या कंदिलांची आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांची विक्री करण्याचे काम त्यांनी पत्करले. नंतर धनजीशा कूपर यांच्या नांगर कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. मतभेद झाल्यानंतर ते तेथून बाहेर पडले.

व्यापारधंद्यातील या वर्षांनी त्यांना दोन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे माणसांची पारख. दुसरी म्हणजे खेड्यापाड्यांची खडान्‌खडा माहिती. नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते, त्याच्या घरातले धान्य आणि त्याच्यावरचे कर्ज यांचा अंदाज घ्यावा लागतो. हे करीत असताना हुशार मुले गुरांमागे हिंडताना त्यांनी गावोगाव पाहिली. गावात शाळा नाही, आणि शाळा असलेल्या गावी राहावे तर जेवणार कोठे, हीच सर्वत्र अडचण होती.

येथे पुण्याचे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. विद्येचे माहेरघर म्हणून पुण्याची कीर्ती झाली, त्यामागे येथील शाळा-कॉलेजांइतकीच येथील घरांची पुण्याईही होती. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे ठरलेली असत. काही जण माधुकरी मागून शिकत. १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातील मुलांनीही आरंभीच्या काळात माधुकरीच्या आधाराने शिक्षण घेतले. ही परंपरा थोरच होती. परंतु तिचे दार मुख्यतः ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच उघडे होते. कुणब्याच्या, धनगराच्या, रामोशाच्या, महारामांगाच्या मुलाला वार देणारे घर मिळणे दुरापास्त होते. त्याच्यासाठी अन्नाची सोय आणि शिक्षणाची सोय या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. एक नसेल तर दुसरीही नसे.

बोर्डिंगची मुहूर्तमेढ

या निरीक्षणातून दुधगाव येथे भाऊरावांनी सहकाऱ्यांच्या मदतीने सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम सुरू केला. त्यानंतर ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा वारसा या स्थापनेमागे होता. संस्थेला कोणा धनिकाचे, संस्थानिकाचे वा जातीचे नाव न देता रयतेचे नाव दिले गेले, हे येथे विशेष लक्षात घ्यावे. अन्नदान करणाऱ्या संस्थेचे नाव सामान्यतः देणाऱ्यावरून पडते. येथे ते घेणाऱ्यावरून पडले.

१९२४ साली संस्थेचे केंद्र साताऱ्यात आले आणि तेथे बोर्डिंग सुरू झाले. निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली राहू लागली. एकाच चुलीवरचे अन्न एकाच पंगतीत बसून खाऊ लागली. आज हे वाचताना त्यात काही विशेष वाटणार नाही. परंतु त्या काळी परगावी गेलेला माणूस पाण्याचा तांब्यादेखील जात पाहून घेत असे. बोर्डिंगची प्रतिमा म्हणूनच आरंभी चांगली नव्हती. मुले बाटवणारे ठिकाण म्हणून सनातनी मंडळी त्याकडे पाहत. स्वजातीच्या अभिमान्यांनाही ते रुचत नव्हते. आपला मुलगा फुकट जेवून शिकेल, पण त्याची जात जाईल, ही भीती गरीब आईबापांच्याही मनात होती. भाऊरावांना एकाच वेळी दोन कामे करावी लागत होती. मुलांसाठी धान्य मिळवायचे आणि त्या धान्यावर वाढणाऱ्या मुलांच्या आईबापांचा विश्वासही मिळवायचा.

हा विश्वास मिळवण्यासाठी त्यांनी भाषणांपेक्षा आचरणावर भर दिला. अंगावर खादी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि पाय अनवाणी, अशा वेशात ते गावोगाव फिरले. पंगतीत मुलांबरोबर बसून तेच अन्न खाल्ले. मुलांच्या तोंडी त्यांचे नाव अण्णा असे पडले. वर्षे जात राहिली, तशी बोर्डिंगची मुले परीक्षांत उत्तीर्ण होऊन गावी परतू लागली, शिक्षक होऊ लागली आणि ज्या गावांनी शंका घेतली होती, त्याच गावांतून नवी मुले येऊ लागली.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यात आले असता त्यांच्या हस्ते बोर्डिंगचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवत असलेली पाहून गांधीजी प्रभावित झाले. साबरमतीच्या आश्रमात जे साधणे त्यांना अवघड गेले, ते येथे साधले आहे, असा अभिप्राय त्यांनी व्यक्त केल्याचे सांगितले जाते. पुढे हरिजन सेवक संघाकडून या बोर्डिंगला वार्षिक मदतही मिळू लागली. काल बाटवणारे म्हणून हिणवले गेलेले ठिकाण आता देशाच्या नेत्याने गौरविले होते.

रयतमाउली लक्ष्मीबाई

या सर्व काळात बोर्डिंगचा खरा भार एका स्त्रीने वाहिला. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या कुंभोजच्या संपन्न आणि धर्मनिष्ठ जैन घराण्यातील. सोवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या स्त्रीच्या घरात एके दिवशी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची मुले राहावयास आली. आरंभी त्यांच्या मनाची किती ओढाताण झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. परंतु त्यांनी ती मुले पोटच्या मुलांसारखी सांभाळली. त्यांची आजारपणे काढली, न्हाऊमाखू घातले, सणावाराला गोडधोड केले.

बोर्डिंगच्या खर्चाचा मेळ कधीच बसत नसे. मुलांची संख्या वाढे, पण उत्पन्न वाढत नसे. माहेरहून आलेले लक्ष्मीबाईंचे दागिने एकेक करून बोर्डिंगच्या धान्यासाठी गेले. एकदा भाऊराव परगावी असताना बोर्डिंगातले धान्य पूर्ण संपले. उधारीवर देणारे कोणी उरले नव्हते. मुले उपाशी राहण्याची वेळ आली, तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र मोडून धान्य आणविले आणि मुलांना जेवू घातले. सौभाग्यवती स्त्रीच्या दृष्टीने मंगळसूत्राचे मोल काय असते, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. १९३० साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले. त्या वेळी त्या तरुणच होत्या. त्यांना रयतमाउली म्हणतात ते यासाठीच.

हा प्रसंग आपण नेहमी त्यागाची कथा म्हणून सांगतो आणि हात जोडतो. परंतु त्यात एक इशाराही आहे. जी संस्था एका घराच्या दागिन्यांवर चालते, ती दागिने संपले की बंद पडते. एका दात्याचे औदार्य कितीही मोठे असले, तरी त्याला तळ असतो. भाऊरावांनी हा इशारा ओळखला होता. म्हणूनच त्यांनी अन्नाचा भार एका खांद्यावरून हजारो खांद्यांवर नेण्याचा मार्ग धरला.

मुष्टिफंड

हा मार्ग म्हणजे मुष्टिफंड. योजना अगदी साधी होती. घरातील स्त्रीने रोज जात्यावर दळण घालताना वा स्वयंपाकासाठी धान्य काढताना एक मूठ धान्य बोर्डिंगच्या मुलांसाठी वेगळे ठेवावे. ठरावीक दिवसांनी बोर्डिंगच्या मुलांनी घरोघरी जाऊन ते गोळा करावे. याव्यतिरिक्त सुगीच्या दिवसांत शेतकऱ्यांकडून धान्य, वैरण, सरपण जमा करावे.

एका मुठीचा हिशोब मांडून पाहिला म्हणजे या योजनेचे मर्म कळते. एका मुठीत ५० ग्रॅम धान्य धरले, तर एका घरातून वर्षाला सुमारे १८ किलो धान्य निघते. शंभर घरांच्या गावातून १,८०० किलो. वाढत्या वयाच्या मुलाला दिवसाला अर्धा किलो धान्य लागते असे मानले, तर तेवढ्यात दहा मुलांची वर्षभराची भाकरी होते. घराला मूठ कमी झाल्याचे कळतही नाही आणि दहा मुले शिकतात. लहान भांडवलाची मोठी बेरीज व्यापारी जाणतो. भाऊरावांनी तीच बेरीज धर्मकार्यात मांडली.

परंतु धान्याच्या वजनापेक्षाही या योजनेचे सामाजिक मोल अधिक होते. मूठ देणारी स्त्री स्वतः गरीब होती. ती दाती झाली, तेव्हा बोर्डिंग तिचे झाले. ज्या घरातून मूठ आली, त्या घराला बोर्डिंगाविषयी परकेपणा उरला नाही. बोर्डिंगचा मुलगा झोळी घेऊन दारात आला, तेव्हा त्याची जात कोणती हे गावाला ठाऊक असे, आणि तरीही झोळीत मूठ पडे. हजार व्याख्यानांनी जे साधले नसते, ते या मुठीने साधले. माधुकरी मागणारा विद्यार्थी स्वतःच्या पोटासाठी मागतो. मुष्टिफंडाचा विद्यार्थी मागे तो सर्वांच्या पंगतीसाठी. संस्थेची प्रतिमा अशा रीतीने पुन्हा एकदा बदलली. एका विक्षिप्त ध्येयवाद्याचे घर ही तिची ओळख मागे पडून रयतेची संस्था ही नवी ओळख रूढ झाली.

पुण्यातील युनियन बोर्डिंग

सातारा जिल्ह्यातील मुलाला उच्च शिक्षणासाठी पुण्यासारखे शहर गाठावे लागे. खेड्यात मूठ मिळत होती. शहरात खोलीचे भाडे आणि खाणावळीचे दर यांच्यापुढे शेतकऱ्याचा मुलगा हतबल होई. म्हणून १९३२ साली भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस सुरू केले. हे वर्ष पुण्याच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी येरवडा येथे महात्मा गांधी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यामधील मतभेदानंतर पुणे करार झाला. स्पृश्य आणि अस्पृश्य यांनी एकत्र कसे नांदावे याची चर्चा देशभर चालू असताना, त्याच शहरात एका बोर्डिंगच्या नावातच ऐक्य होते.

ज्या पुण्याने वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांना पोसले, त्या पुण्यात आता जातीचा वार नसलेल्या विद्यार्थ्यांसाठीही ताट मांडले गेले. शहरातील अन्नदानाच्या परंपरेत ही भर लहान दिसत असली, तरी दिशा दाखविणारी होती.

अन्नदानाकडून स्वावलंबनाकडे

मुष्टिफंडावरही भाऊराव थांबले नाहीत. मुलगा फुकट जेवून शिकला तर त्याच्या मनात मिंधेपणा राहतो, ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. मुलांनी स्वतः दळावे, भाकऱ्या भाजाव्यात, पाणी भरावे हे तर पहिल्यापासूनच होते. आता त्यांनी माळरान खणावे, शेती पिकवावी, खडी फोडावी आणि त्या श्रमातून आपल्या जेवणाचा व शिक्षणाचा खर्च भागवावा, असा क्रम त्यांनी आखला. यातूनच कमवा आणि शिका ही योजना आकारास आली. १९३५ साली संस्थेची नोंदणी झाली आणि त्याच वर्षी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. खेड्यांत शिकवणारे शिक्षक खेड्यांतूनच तयार व्हावेत, हा त्यामागील हेतू होता. त्यानंतर लहानलहान वाड्यावस्त्यांवर व्हॉलंटरी शाळांचे जाळे विणले गेले. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. श्रमाच्या मोबदल्यात मोफत निवासी शिक्षण देणारे हे विद्यालय पुढील अनेक शाळांचा आदर्श ठरले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज, तर १९५४ साली कराड येथे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले.

गाडगे महाराजांचे नाव कॉलेजला द्यावे, यामागे भाऊरावांचा त्यांच्याशी असलेला जिव्हाळा होता. गाडगेबाबा स्वतः अन्नदानाचे महान उपासक. अनाथ-अपंगांसाठी त्यांनी सदावर्ते घातली, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या आणि तरीही कीर्तनातून लोकांना मुले शिकविण्याचा आग्रह धरला. एकाने पंगती घालता घालता शिक्षणाचा उपदेश केला, दुसऱ्याने शिक्षण देण्यासाठी पंगती घातल्या. दोघांनाही एकमेकांचे काम आपलेच वाटत असे.

नावाविषयीचा भाऊरावांचा बाणेदारपणाही सांगितला पाहिजे. साताऱ्याच्या कॉलेजला मोठी देणगी देण्यास एक धनिक तयार झाले, परंतु कॉलेजला आपल्या इच्छेचे नाव द्यावे अशी त्यांची अट होती. संस्था अडचणीत असतानाही भाऊरावांनी ती देणगी नाकारली. स्वतःच्या वडिलांचे नाव एक वेळ बदलीन, परंतु शिवाजी महाराजांचे नाव बदलणार नाही, या आशयाचे त्यांचे उत्तर महाराष्ट्रात अजूनही सांगितले जाते. देणगी हवीच होती. पण रयतेच्या ताटावर एकट्या दात्याचे नाव कोरले जाणे त्यांना मान्य नव्हते.

कसोटीचा काळ

१९४८ साली गांधीजींची हत्या झाली. त्यांच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास शासनाशी झालेल्या मतभेदांमुळे संस्थेचे अनुदान थांबविण्यात आले. शेकडो शिक्षकांचे पगार आणि हजारो मुलांचे जेवण यांवर एकदम संकट आले. अनेकांना वाटले की आता ही संस्था मोडणार. या वेळी पूर्वी जोडलेली एकेक मूठ उपयोगी पडली. शिक्षकांनी ओढाताण सोसली, गावांनी धान्य आणि पैसा दिला, जुने विद्यार्थी पुढे आले. अनुदान पुन्हा सुरू व्हावे म्हणून गाडगेबाबांनीही रदबदली केल्याचे सांगतात. पुढे अनुदान सुरू झाले आणि संस्था तगली. एका दात्यावर वा केवळ शासनावर विसंबून असती, तर ती तगली नसती.

गौरव आणि निर्वाण

अखेरच्या वर्षांत समाजाने आणि शासनाने भाऊरावांचा यथोचित गौरव केला. जनतेने त्यांना कर्मवीर ही पदवी दिलीच होती. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन सन्मानित केले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. हायस्कूलचे शिक्षणही पुरे न करू शकलेल्या या पुरुषाचा विद्यापीठाने असा सन्मान करावा, हा योग दुर्मीळच. त्यानंतर अल्पावधीतच, ९ मे १९५९ रोजी, पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यांची समाधी साताऱ्यात आहे.

त्यांच्या निधनसमयी संस्थेची ३८ वसतिगृहे, ५७८ व्हॉलंटरी शाळा, १०८ माध्यमिक विद्यालये आणि ३ महाविद्यालये होती. २०१९ साली संस्थेने शताब्दी पूर्ण केली. पुण्यातही संस्थेची महाविद्यालये आहेत. औंध येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आणि हडपसर येथील एस. एम. जोशी महाविद्यालय ही त्यांतील दोन. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याच नावाने चालते. महाविद्यालयात दिवसातून काही तास काम करून आपला खर्च भागविणारा विद्यार्थी कदाचित काले गावाचे नावही जाणत नसेल. परंतु त्याच्या श्रमाला आज प्रतिष्ठा आहे आणि त्याला कोणी मिंधा म्हणत नाही, याचे मूळ त्या बोर्डिंगच्या चुलीपाशी आहे.

चार दानांची एकच ओळ

भाऊरावांचे आयुष्य एकत्र पाहिले असता चार दानांची एक सलग ओळ डोळ्यांपुढे उभी राहते. त्यांनी प्रथम भाकरी दिली, ते आहारदान झाले. त्या भाकरीच्या आधाराने शिक्षण दिले, ते शास्त्रदान झाले. लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातील आजारी मुलांची रात्रंदिवस शुश्रूषा केली, तिला औषधदानच म्हटले पाहिजे. आणि जातीच्या भयाने वाकलेल्या मुलाला सर्वांच्या पंगतीत ताठ मानेने बसविले, याहून मोठे अभयदान कोणते?

समाजाच्या प्रत्येक संस्थेने या चरित्रातून घ्यावे असे पुष्कळ आहे. अन्नदानाचे कार्य अखंड चालावे, कारण भूक उद्याची वाट पाहत नाही. मात्र पंगत वाढत गेली एवढ्यावर संस्थेची वाढ मोजू नये. पंगतीतून उठलेला माणूस पुढे काय झाला, तो पुन्हा घेण्यासाठी आला की मूठ देण्यासाठी आला, हाही जमाखर्च वहीत असावा. भाऊरावांच्या वहीत तो होता. कोल्हापूरच्या एका पंगतीतून उठावे लागलेल्या त्या तरुणाने मनात कटुता न ठेवता आयुष्यभर पंगती मांडल्या, आणि कोणालाही उठविले नाही. जैन समाजाला त्यांचा अभिमान वाटतो, तो वाटावाच. अभिमानाबरोबर त्या उंबरठ्याची आठवणही राहिली, तर तीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.